वाचकांचे प्रश्न : हिब्रू-ग्रीकची वाट, मराठीतून

प्रश्न : जय ख्रिस्त. मी जालना जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. यंदा मराठी विषय घेऊन बी.ए. झालो. मी सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयात) जाऊन बी.डी. ही ईश्वरविज्ञानाची पदवी घ्यावी असा आमच्या पाळकसाहेबांचा आग्रह आहे. घरातून विरोध नाही. परंतु तेथे बायबलच्या मूळ भाषा, हिब्रू आणि ग्रीक, शिकाव्या लागतात, तेही इंग्रजीतून, हे ऐकून धीर खचतो. दहावीपर्यंत संस्कृत होते, तेवढेच. मूळ भाषेतील प्रत्येक शब्दाचा अर्थ आता मोबाईलवर मिळत असताना या भाषांमागे दोन वर्षे घालवावीत काय? सेमिनरी अर्ध्यावर सोडून आलेला माझा एक मित्र म्हणतो की, तेथे गेल्यावर विश्वास डळमळतो. हे खरे आहे काय?
– एक विद्यार्थी, जालना जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘दहावीपर्यंत संस्कृत होते, तेवढेच’ हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण ज्याला तुम्ही ‘तेवढेच’ म्हणता, त्याच्याच जोरावर मी सेमिनरीचे पहिले वर्ष पार केले.

माझेही शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. आमच्या वेळी पहिल्या वर्षी ग्रीक आणि दुसऱ्या वर्षी हिब्रू असा क्रम होता. व्याकरणाचे पुस्तक इंग्रजी, शब्दकोश इंग्रजी, वर्गातील समजावणेही इंग्रजी. त्यामुळे अनोळखी घरात शिरण्याआधी अर्धवट ओळखीच्या भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे आणि मी त्या उंबरठ्यालाच ठेचकाळत असे. ग्रीक क्रियापदाचा ‘मिडल व्हॉइस’ आमच्या सरांनी तीन तासिका समजावला. इंग्रजीत तसे वेगळे रूपच नसल्यामुळे ते बिचारे उदाहरणे शोधून थकले आणि आम्ही माना डोलावून थकलो. चौथ्या रात्री वसतिगृहात वही उघडून बसले असताना ध्यानात आले की हे तर संस्कृतातले आत्मनेपद, क्रियेचे फळ कर्त्याकडेच येते असे दाखवणारे रूप! शाळेत संस्कृतच्या बाई फळ्यावर उभी रेघ मारून एका बाजूला ‘गच्छति’ आणि दुसऱ्या बाजूला ‘लभते’ लिहीत. ग्रीकमध्ये तशीच ‘लुएइ’ आणि ‘लुएताइ’ ही जोडी आहे, आणि ‘लुएताइ’च्या शेवटचा ‘ताइ’ व ‘लभते’च्या शेवटचा ‘ते’ हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत. भूतकाळासाठी संस्कृत धातूच्या आधी ‘अ’ लावून ‘अभवत्’ करते, तर ग्रीक ‘ए’ लावून ‘एलुओन’ करते. ‘ददामि’ला तिकडे ‘दिदोमि’ आहे आणि ‘अस्ति’ला ‘एस्ति’. आठ विभक्त्या घोकलेल्या मुलाने ग्रीकच्या पाच विभक्त्यांना भिण्याचे कारण नाही.

विभक्त्यांवरून आठवले. गलतीकरांस पत्राच्या २:१६ मध्ये ‘विश्वास’ आणि ‘ख्रिस्त’ हे दोन शब्द षष्ठीने जोडलेले आहेत. तो ख्रिस्तावर ठेवलेला विश्वास आहे की ख्रिस्ताने दाखवलेला विश्वासूपणा आहे, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. वर्गातील इंग्रजी माध्यमाच्या मुलांना एकाच प्रत्ययातून दोन अर्थ कसे निघतात हेच पटेना. मी म्हटले, आमच्याकडे ‘आईची आठवण’ म्हणतात. आईला आलेली आठवण, की लेकराला आलेली आईची आठवण? ऐकणाऱ्याला ते संदर्भावरूनच ठरवावे लागते. त्या दिवसापासून माझी इंग्रजीची भीती निम्मी झाली.

हिब्रूच्या बाबतीत मात्र संस्कृतचा हात सुटतो, कारण ते कूळच वेगळे आहे. अक्षरे २२, ओळ उजवीकडून डावीकडे, आणि मुळात सगळी व्यंजने. स्वरांच्या खुणा नंतरच्या आहेत. त्यांची जी पद्धत आज छापील ग्रंथांत दिसते ती गालील प्रांतातील तिबिर्या येथील मासोरा पंडितांनी, म्हणजे हिब्रू बायबलचा पाठ जपणाऱ्या यहूदी विद्वानांनी, सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान बसवली. कान्हा, मात्रा, वेलांटी काढून टाकलेले ‘मल’ समोर आले तर ते माल, मूल, मोल, मैल, मला की मुली, हे पुढचेमागचे वाचूनच ठरेल. जुने हिब्रू वाचणाऱ्याची गत तशीच होती. दालेथ आणि रेश ही अक्षरे इतकी सारखी दिसतात की माझ्या पहिल्या चाचणीत मी ‘एहाद’ म्हणजे ‘एक’ या शब्दाच्या जागी ‘अहेर’ म्हणजे ‘दुसरा’ वाचले, तेही ‘परमेश्वर एकच आहे’ या अनुवाद ६:४ मधील वचनात! वर्ग हसला. सर हसले नाहीत. यहूदी लेखनिक तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, गुंडाळीत त्या ठिकाणचा दालेथ मुद्दाम मोठा काढतात, एवढेच त्यांनी सांगितले. माझ्याआधीही कोणी तरी नक्कीच घसरले असणार.

हिब्रूचे शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या मुळातून फुटतात. हेही मराठी माणसाला सर्वस्वी नवे नाही. हिब्रूची बहीण असलेल्या अरबीतून फार्सीमार्गे आलेले हुकूम, हाकीम, हुकमत आपण रोज वापरतो आणि त्यांतील ह-क-म आपल्या कानांना ऐकू येते. क्रियापदाच्या सात मुख्य घडणींपैकी ‘हिफील’ नावाची घडण वर्गाला आठवडाभर छळत होती. ती म्हणजे आपले प्रयोजक क्रियापद. ‘याशव’ म्हणजे बसला, ‘होशीव’ म्हणजे बसवले. मराठीत पोरही ‘बसणे’वरून ‘बसवणे’ न शिकवता करते.

आता मोबाईलविषयी. मोबाईल शब्दाचा अर्थ सांगतो, हे खरेच आहे, आणि मीही तो वापरते. पण एक अनुभव ऐका. येशूने लोकसमुदाय पाहिला, उधळ्या पुत्राच्या बापाने मुलाला दुरून पाहिले, शोमरोन्याने रस्त्यात पडलेला माणूस पाहिला, या तिन्ही ठिकाणी शुभवर्तमानांत ‘स्प्लांख्निझोमाइ’ हे क्रियापद आहे. माझ्या शब्दयादीत त्याच्यापुढे ‘कम्पॅशन’ असे लिहिलेले होते. मी ते पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि गुणही मिळवले. पुढे मोठा कोश चाळताना दिसले की हा शब्द ज्या नामापासून आला आहे त्याचा मूळ अर्थ ‘आतडी’ असा आहे. माझी आई बहिणीच्या सासरच्या गोष्टी ऐकून ‘आतडं तुटतं गं’ म्हणायची. म्हणजे ग्रीक शब्दाचा अर्थ माझ्या घरात होता आणि मी तो इंग्रजीच्या दुकानातून, तोही पाणी घातलेला, विकत आणत होते. आपल्या भाषांतरांतील ‘कळवळा आला’ हे शब्द किती जवळचे आहेत, हे मला त्या दिवशी कळले.

दुसरा अनुभव स्तोत्रांचा. तिसऱ्या स्तोत्रात ‘मी अंग टाकले आणि झोपी गेलो’ अशा अर्थाचे वचन आहे. आपल्या छापील प्रतीत ते पाचवे, हिब्रू ग्रंथात सहावे, कारण तेथे स्तोत्राचे शीर्षकच पहिले वचन म्हणून मोजले जाते; नवा विद्यार्थी या हिशेबात हमखास चुकतो. माझी आजी रात्री कंदिलाजवळ हे स्तोत्र म्हणायची तेव्हा ‘झोपी गेले’ म्हणायची. मी संडे स्कूलमध्ये बक्षीस मिळवलेली मुलगी असल्यामुळे, ‘आजी, पुस्तकात गेलो आहे’, असे तिला ठसक्यात सांगायची. आजी ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या रात्री पुन्हा ‘गेले’ म्हणायची. सेमिनरीच्या दुसऱ्या वर्षी ते वचन हिब्रूत समोर आले. ‘अनी शाखाव्ती वाईशाना.’ या क्रियापदांच्या प्रथमपुरुषी रूपांना लिंग नाही. बाईनेही म्हणावे, बाप्यानेही म्हणावे. मराठीला मात्र ‘झोपलो’ की ‘झोपले’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे करता येत नाही. स्तोत्र दाविदाच्या नावावर असल्यामुळे भाषांतरकारांनी ‘गेलो’ केले, ते बरोबरच आहे. पण हिब्रू वाक्यात आजीला जागा होती.

उलटही घडते, म्हणजे मूळ भाषा एखादी गोष्ट झाकते आणि मराठी ती उघड करायला लावते. मार्क ४:३८ मध्ये वादळात शिष्य झोपलेल्या येशूला उठवून आपण बुडत असल्याचे सांगतात. ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद नाही. ‘आम्ही बुडतो आहोत’ म्हटले तर ती तक्रार होते. ‘आपण बुडतो आहोत’ म्हटले तर गुरूही त्याच नावेत आहेत याची शिष्यांना जाणीव आहे असे होते. इंग्रजी भाषांतर करणाऱ्याला या ठिकाणी थांबावेच लागत नाही. मराठी विद्यार्थ्याला थांबावे लागते, आणि त्या थांबण्यातच वचन नीट वाचले जाते. मोबाईल ‘बुडणे’ सांगेल. आम्ही की आपण, हा प्रश्न तो तुमच्यापुढे ठेवणार नाही.

मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे. ग्रीक नव्या कराराच्या अभ्यासप्रतीत प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत हस्तलिखितांतील पाठभेद दिलेले असतात. मार्कच्या शुभवर्तमानातील शेवटची बारा वचने, १६:९ ते २०, ही चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही प्रसिद्ध हस्तलिखितांत नाहीत, हे मी पहिल्यांदा वाचले त्या रात्री जेवले नाही. योहानाच्या आठव्या अध्यायातील, दगड मारायला आणलेल्या स्त्रीची कथा प्राचीनतम प्रतींत सापडत नाही, हे तर त्याहून लागले. आमच्या वर्गातील एकाला ते सोसले नाही आणि तो घरी गेला. मी त्याला दोष देत नाही. पण वस्तुस्थिती दडवून माझा विश्वास जपावा असे मलाही कधी वाटले नाही, आणि हे पाठभेद छापून सर्वांपुढे ठेवणारे बहुतेक संपादक स्वतः श्रद्धावंत होते, हे ध्यानात आल्यावर भीती गेली. त्या स्त्रीच्या कथेवर मी आजही प्रवचन करते. तळटीप सांगते आणि मग कथा सांगते.

पुण्यात १९८३ पर्यंत यवतमाळला असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, कॅथलिक उमेदवारांसाठी नगर रस्त्यावरचे ज्ञानदीप (पूर्वीचे ज्ञानदीप विद्यापीठ) आहे. दोन्हीकडे शिक्षण इंग्रजीतून चालते, हे धरूनच चला. मात्र वही मराठीत ठेवा. नव्या करारातील वेगवेगळे ग्रीक शब्द ५,००० च्या वर आहेत, पण सुमारे ३०० शब्द इतके वारंवार येतात की मजकुराचा ८० टक्के भाग तेवढ्यांनीच भरतो. ते ३०० आधी पाठ करा. मी जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर एकीकडे ग्रीक आणि दुसरीकडे मराठी शब्द लिहीत असे. उलट्या बाजूने कुणाचे तरी ‘शुभविवाह’ डोकावत असे. आणि एक सावधगिरी : पदवीनंतर मंडळीच्या कामात हे सारे दोन वर्षांत पुसले जाते. रोज तीन वचने मूळ भाषेत वाचणार नसाल, तर ही दोन वर्षे खरोखरच वाया जातील.

प्रश्न : आमच्याकडे आलेल्या एका वक्त्यांनी सांगितले की, सुईच्या नाकातून जाणारा ‘उंट’ ही भाषांतरातील चूक असून मूळ शब्द ‘दोर’ असा आहे. तसेच ‘अगापे’ म्हणजे केवळ दैवी प्रीती आणि ‘दुनामिस’ म्हणजे डायनामाइट, असेही ते म्हणाले. हे ग्राह्य धरावे काय?
– एक वाचक भगिनी, वसई

उत्तर : तिन्ही गोष्टी मी स्वतः ऐकल्या आहेत आणि त्यांपैकी दोन, पहिल्या वर्षाचे ग्रीक झाल्यावर, सुटीत गावी जाऊन व्यासपीठावरून सांगितल्याही आहेत. एक वर्षाचे ग्रीक फार धोक्याचे असते.

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, हे येशूचे वचन. ग्रीकमध्ये ‘कामेलोस’ म्हणजे उंट आणि ‘कामिलोस’ म्हणजे जाड दोर. काही उत्तरकालीन हस्तलिखितांत दुसरा शब्द आढळतो, परंतु जुन्या आणि भरवशाच्या प्रतींत उंटच आहे. दोर करणाऱ्याचा हेतू उघड दिसतो; त्याला अशक्य गोष्ट थोडी शक्य करायची होती. यरुशलेमेत ‘सुईचे नाक’ नावाची बुटकी वेस होती आणि उंट गुडघे टेकून तिच्यातून जाई, ही कथाही त्याच जातीची असून तिला पुरातन आधार नाही. बाबेली तालमूद या यहूदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या संग्रहात सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्ती आहे. तिथला मोठ्यात मोठा प्राणी हत्ती आणि पॅलेस्टाइनमधला उंट, एवढाच फरक. आपल्या म्हणीत हत्ती निदान निघून जातो आणि शेपूटच तेवढे अडकते.

‘अगापे’चे म्हणाल, तर जुन्या कराराच्या सप्तति या ग्रीक भाषांतरात दुसऱ्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात अम्नोनाच्या तामारेवरील वासनेलाही त्याच कुळातील क्रियापद वापरले आहे, आणि त्या वासनेचा शेवट बलात्कारात झाला. पिता पुत्रावर प्रीती करतो हे योहान ३:३५ मध्ये ‘अगापाओ’ने सांगितले आहे आणि ५:२० मध्ये ‘फिलेओ’ने. तेव्हा एका शब्दात दैवी आणि दुसऱ्यात मानवी, अशी वाटणी योहानाने तरी केलेली नाही. प्रीतीचा अर्थ १ करिंथकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील वाक्ये सांगतात. एकटा शब्द तो भार पेलत नाही.

डायनामाइटला नाव मिळाले ते १८६७ मध्ये आल्फ्रेड नोबेलकडून, आणि त्याने ते ‘सामर्थ्य’ या अर्थाच्या ग्रीक ‘दुनामिस’वरून घेतले. नातवाचा चेहरा पाहून पणजोबांचा स्वभाव सांगण्यासारखा हा प्रकार आहे. नव्या करारातील पत्रे लिहिणाऱ्या पौलाच्या मनात सुरुंग नव्हता.

त्या वक्त्यांना पत्र लिहिणार असाल तर सौम्य लिहा.

प्रश्न : मी सेवानिवृत्त संस्कृत शिक्षक आहे, ख्रिस्ती नाही. हिब्रू भाषा पूर्वी कधी मराठीतून शिकवली गेली होती काय? मूळ हिब्रू-ग्रीकवरून कोणी मराठी व्यक्तीने बायबलचे भाषांतर केले आहे काय? आणि या वयात हिब्रूची तोंडओळख करून घ्यायची, तर सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शिकवली गेली होती, आणि ती ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी नव्हे. कोकणपट्टीत, मुख्यत्वे आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत होता. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ‘शेमा’, म्हणजे वर आलेले ‘परमेश्वर एकच आहे’ हे वचन, त्यांच्या तोंडी होते, पण त्यांची घरची भाषा मराठीच. त्यांच्यासाठी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून छापली. पुढे याच समाजाची, वल्हांडण सणाला वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. मला सेमिनरीत हिब्रू इंग्रजीतून शिकावे लागले, त्याच्या दीडशे वर्षे आधीपासून मराठीतून शिकण्याचे पुस्तक होते, हे मला सेमिनरी सोडल्यावर समजले. ही माझी जुनी हळहळ आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पंडिता रमाबाई. संस्कृतातील अधिकारामुळे कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवल्या गेलेल्या रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबल मराठीत आणले. नवा करार १९१३ मध्ये छापून झाला. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर, १९२४ मध्ये सबंध ग्रंथ प्रसिद्ध झाला. पंडिती भाषा ज्यांच्या जिभेवर होती त्यांनीच, खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून साध्या मराठीचा हट्ट धरला, याचे मला फार अप्रूप वाटते. त्यांचे काही शब्द आज खडबडीत वाटतात. पण एका व्यक्तीने दोन्ही मूळ भाषांवरून केलेले काम म्हणून त्याची जात वेगळी आहे.

सुरुवात स्तोत्र १३६ पासून करा. व्याकरण नंतर. पहिले दहा-बारा दिवस केवळ २२ अक्षरे गिरवा, दालेथ आणि रेश शेजारी शेजारी ठेवून. दालेथचा कोपरा टोकदार असतो, रेशचा वळलेला. मग स्तोत्र उघडा. त्याची वचने २६ आहेत आणि प्रत्येकाच्या उत्तरार्धात ‘की लेओलाम हस्दो’ हीच ओळ येते, म्हणजे ‘कारण त्याची दया सनातन आहे’. ‘की’ म्हणजे कारण, ‘ओलाम’ म्हणजे सर्वकाळ, आणि ‘हस्दो’च्या शेवटचा ‘ओ’ म्हणजे ‘त्याची’. म्हणजे अर्धे स्तोत्र पहिल्याच दिवशी वाचता येते. सहाव्या-सातव्या वचनापर्यंत तुम्ही ती ओळ वाचत नसून पाठ म्हणत आहात, असे लक्षात येईल. तेव्हा थांबा, पहिल्या वचनाकडे परत जा आणि प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवून, उजवीकडून, पुन्हा वाचा.